आगटीतलं पाणी

आवडाबाई जन्माला आली तीच मुळी वावरात. पोलीस ॲक्शनच्या आधीचे ते दिवस. रझाकार येताहेत अशी नुसती आवई उठली की तिच्या माहेरची माणसं फडक्यात भाकरी बांधून पिकात दडून बसायची. अशाच एका दुपारी डोक्याएवढ्या बाजरीच्या आडोशाला ही पोर झाली. रडून सगळ्यांना पकडून देईल म्हणून बायांनी तिच्या ओठाला गुळाचं बोट लावलं, आणि पोर गप्प झाली. "तवा एकदाच काय ती गप बसली," असं तिचा नवरा फकिरा सांगायचा. फकिरा स्वतः दिवसाकाठी ओंजळभर शब्द खर्च करणारा माणूस, त्यामुळे त्याच्या तोंडून हे ऐकायला लोकांना भारी मजा यायची.

तिचं सासर बोरगव्हाण. पैठणच्या पुढं, काळ्या रानातलं गाव. फकिराच्या वाट्याला वडिलार्जित एकच तुकडा आला होता, पण तो असा की बघत राहावं. त्या रानातल्या गुळभेंडी ज्वारीचा हुरडा खायला लोक लांबून यायचे. जमिनीत हातभर खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखारे झाले की कोवळी कणसं खुपसायची. ही झाली आगटी. कणसं सगळेच भाजतात. आवडाबाई मात्र कणीस कधी फिरवायचं आणि कधी उचलायचं हे त्याच्याशी गप्पा मारून ठरवते, असं आयाबाया म्हणत. तिची लेक आशा कन्नडला दिली होती. तीही दर संक्रांतीला एसटीनं यायची ती या हुरड्यासाठी. आईला भेटायला येते असं ती तोंडानं म्हणायची, पण पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर आगटीकडं जायची.

मग कालवा आला.

आता कालव्याला नावं ठेवणारी आवडाबाई नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात तिनं काय काय पाहिलं होतं! विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरलं होतं, दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. फकिराच्या रानाच्या खालच्या अंगाला जो मोठा बांध आहे, तो त्याच साली घातलेला. बांधाच्या खालचं रान फकिराच्या चुलत्याचं, नानासाहेबांचं. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या साठीच्या घरात होते, तरी स्वतः कुदळ मारायचे आणि आवडाबाईच्या डोक्यावर पाटी चढवून द्यायचे. पुढच्या पावसाळ्यात त्या बांधाला पाणी अडलं, तेव्हा तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढं तात्या गेले, पण आवडाबाईला ते टाळ्या वाजवतानाच आठवायचे.

अशा माणसांच्या गावात कालव्याचं पाणी आलं, तेव्हा बायांनी पाटातल्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं. आवडाबाईनं तर त्यात हात बुडवून ते डोक्याला लावलं. कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली की जो तो पाणी घ्यायचा आणि नुसतं घेतच राहायचा. पाणी बंद करायला कुणाचा हात धजायचा नाही. रानं वरून भिजली, आतून भिजली, आणि मग भिजायची थांबेनात. फकिराचं रान कालव्याच्या अगदी पायथ्याशी. वरून पाझर यायचा आणि खाली तात्यांचा बांध तो अडवून धरायचा. दोन-तीन वर्षांत रान पाणी मुरून चिबड झालं. कापूस पिवळा पडला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन रुसून बसली. मातीवर पांढरी खार फुटली आणि जिथं गुळभेंडी डोलायची तिथं लव्हाळा माजला. त्या वर्षी आशा आली आणि हुरड्याविना गेली. "बाजारात मिळतो की गं हुरडा, आई," असं ती समजुतीनं म्हणाली. आवडाबाईला ती समजूतच जास्त लागली.

त्यात वीटभट्टीचा एक माणूस गावात फिरू लागला. पिकं न येणाऱ्या रानातली माती त्याला विटांसाठी हवी होती. तो फकिराच्या ओट्यावर येऊन बसला, चहा प्यायला, आणि फकिरानं खाली बघत होकाराची मान हलवली.

"माती उचलून नेल्यावर खाली काय राहील?" आवडाबाईनं विचारलं.

"आता तरी काय हाय?" फकिरा म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं आणखी चार शब्द खर्च केले. "पाडव्यापातूर बघू. मग देऊ."

त्या संध्याकाळी घरामागं भांडी घासताना आवडाबाईच्या पायाशी खरकटं पाणी तुंबलं. तिनं रोजच्या सवयीनं काठीनं मातीत एक रेघ ओढली आणि पाणी त्या रेघेनं निमूट परसाच्या टोकाला गेलं. ती हातात राख घेऊन तशीच बसली. इतकी वर्षं आपण रोज हे करतो, आणि वावराला मात्र एक रेघ ओढायचं कुणाच्या डोक्यात येऊ नये?

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको कुदळ-फावडं घेऊन रानात. रानाच्या मधून खालच्या अंगाला कंबरभर खोल चर खणायला घेतला. गावाला करमणूक झाली. येणारा-जाणारा थांबायचा. "आवडाबाई, पानी भेटंना म्हून लोक इहिरी खांदतात, तुमी पानी घालवाया खांदता व्हय?" ती सगळ्यांना उत्तर द्यायची, आणि शक्यतो असं द्यायची की माणूस पुन्हा थांबू नये. पण मनातून तिलाही ते बोचत होतं. पाणी घालवायचं. ज्या बाईनं वाटीनं पाणी भरलं तिनं पाणी घालवायचं. कुदळ मारताना तिला मधूनच वाटायचं, हे पाप तर नव्हे?

चर सुरेख झाला. दोन्ही कडा उतरत्या ठेवल्या, म्हणजे ढासळायला नकोत. निघालेली माती एका बाजूला रचली, तिचा लांबच लांब भराव झाला. रानातलं पाणी थेंबाथेंबानं चरात उतरलं, चर वाहू लागला, आणि वाहत वाहत तात्यांच्या बांधाला जाऊन थटला.

बांध फोडल्याशिवाय पाणी पुढं नाल्याला जाणार नव्हतं, आणि नाला काकासाहेबांच्या रानापलीकडं. काकासाहेब म्हणजे तात्यांचे चिरंजीव, फकिराचे धाकटे चुलत भाऊ, आवडाबाईचे दीर. फेटा टापटीप, मिशी टापटीप आणि शब्द एकदा तोंडातून गेला की गेला. आवडाबाई त्यांच्याकडं गेली.

"भाऊजी, बांधाला तेवढी वाट पाडा. पानी तुमच्या गाडीवाटंच्या कडंनं नाल्याला जाईल."

"वैनी, तुमी बहात्तर साल इसरल्या का?" काकासाहेब म्हणाले. "तात्यांनी पानी अडवाया बांध घातला. अन् त्यांच्या पोरानं त्यो पानी सोडाया फोडायचा? लोक काय म्हनतील? तात्या काय म्हनतील?"

वादात कुणाला हार न जाणारी आवडाबाई "बघा बाई, तुमचं तुमी," म्हणत उठली. घरी येताना वाटेत तिनं चार उत्तरं तयार केली, पण ती सगळी आता उपयोगाची नव्हती.

मग चराचं तळं झालं. बेडकं आली, पाठोपाठ बगळे आले. गावातल्या म्हशी तिकडं ओढ घेऊ लागल्या. "आवडाबाईनं मासे सोडलेत म्हनं!" अशी बातमी पार शेजारच्या गावात गेली. तरी ती रोज चर साफ करायची. हराळी उपटायची, कडेचा ढासळलेला चिखल फावड्यानं वर काढायची, तुंबलेलं काडीकचाट ओढून टाकायची. फकिरानं एकदा विचारलं, "जात तर कुठंच नाय, साफ कामून करती?" ती म्हणाली, "जायाची येळ आली तर तयार असावा की." आणि पाडवा जवळ येत होता.

इकडं काकासाहेबांचंही एक गुपित होतं. बांधाच्या खालून पाझर त्यांच्या रानात शिरला होता. नाल्याच्या अंगाची त्यांची ज्वारी झकास होती, पण बांधाजवळच्या पट्ट्यात लव्हाळा उगवू लागला होता. काकासाहेब पहाटे उठून तो स्वतः कापायचे आणि म्हशीला घालायचे, म्हणजे दिवसा कुणाला दिसायला नको. एवढ्या मोठ्या माणसाच्या म्हशीपुढं लव्हाळा कसा, हे आवडाबाईच्या लक्षात आलं होतं. ती म्हशीकडं बघून हसली फक्त.

पौषात काकासाहेबांच्या मुलाची सोयरीक जुळत आली. मुलीकडचे लासूर स्टेशनचे. बद्रीनाथराव तिथले मोठे आडत दुकानदार, पण मूळचे शेतकरी, त्यामुळे घरदार बघून झाल्यावर वावर बघायचं म्हणून आले. सोबत त्यांच्या मंडळी चतुराबाई. या बाईंच्या नजरेतून सुई सुटणार नाही असं पहिल्याच चहाला सगळ्यांना कळलं. काकासाहेबांनी हुरड्याचा बेत केला होता. भाजायला अर्थातच आवडाबाई. बांध गेला चुलीत, हुरड्याला तिच्याशिवाय चालणार नव्हतं.

बसायची जागा काकासाहेबांनी निवडली ती बांधाजवळच्या लिंबाच्या सावलीत. लव्हाळा कालच कापून टाकलेला, वरून जमीन कोरडी दिसत होती. सतरंज्या पडल्या. तिळाची चटणी, दही, गूळ, सगळं मांडलं. काकासाहेबांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, गोवऱ्यांची पाटी खाली ठेवली. यजमानपणाच्या उत्साहात काकासाहेबांनी स्वतः कुदळ हातात घेतली आणि आगटीचा खड्डा खणायला लागले.

वीतभर खड्डा झाला आणि तळ चकाकला. बघता बघता तळाशी पाणी जमलं.

काकासाहेबांनी झटकन माती लोटली. "हितं बैलं बांधली हुती," असं काहीतरी पुटपुटले आणि चार पावलं सरकून दुसरीकडं खणायला लागले. कालव्याची पाळी नुकतीच येऊन गेली होती हे ते घाईत विसरले होते. तिथंही पाणी. बद्रीनाथराव खड्ड्यात वाकून बघत राहिले. चतुराबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आवं, ही आगटी हाय का इहीर?"

सगळे हसले. काकासाहेबही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला. चिबड रानात पोरगी कोण देतो? लक्ष्मीबाईच्या हातातली गोवरी तशीच हातात राहिली.

आवडाबाई हे बघत उभी होती. तिच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. 'मी कवाधरनं हेच सांगते, ऐकतं कोन?' एवढं बोलली असती तरी भागलं असतं. खरं सांगायचं तर तिला ते बोलायचं होतं, अगदी मनापासून बोलायचं होतं. पण काकासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्या मोठ्या मिशीमागं तिला, लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिच्या मागं मागं हिंडून गोष्ट मागणारा दीर दिसला.

"भाऊजी, तुमी बी कमाल करता बाई!" ती जोरात म्हणाली. "आगटी वर भरावावर करायची ठरली हुती ना आपली? हितं खांदत काय बसला? चला, उचला पाट्या."

काकासाहेबांनी कुदळ खांद्यावर टाकली. माणसं, सतरंज्या, गोवऱ्या, दह्याचं मडकं, सगळं लटांबर बांध चढून वरच्या रानात गेलं. चराच्या कडेला रचलेला मातीचा भराव ऊन खाऊन ठणठणीत झाला होता. त्यावर खड्डा केला, निखारे फुलले, आणि आवडाबाईनं कणसं खुपसली. काकासाहेबांच्या ज्वारीत कसलंही न्यून नव्हतं. हातावर चोळलेला गरम हिरवा हुरडा तोंडात गेल्यावर बद्रीनाथरावांचे डोळे मिटले. लासूरच्या आडतीत एवढी ज्वारी बघूनही असला दाणा खाल्ला नव्हता, असं ते म्हणाले. चतुराबाई भरावावर पाय सोडून बसल्या होत्या. पायाखाली चराचं पाणी, त्यात बगळा.

"हे तळं कामून केलंय?" त्यांनी विचारलं. सुई सुटली नव्हतीच.

"तळं नाय ताई, चर हाय," आवडाबाई कणीस फिरवत म्हणाली. "कालव्याचं पानी आमच्या वावरात तुंबतंय. बांधाखालून पाझरून भाऊजींच्या लिंबापातूर गेलं. आमच्यामुळं त्यांचं रान भिजलं, पर मानूस मला एका शब्दानं बोललं नाय. उलट म्हनले, वैनी, मी बांधाला वाट पाडतो, माझ्या वावरातनं चर नाल्याला न्या. आमीच मुहूर्त बघत ऱ्हायलो."

काकासाहेबांच्या घशात हुरडा अडकला. लक्ष्मीबाईनं त्यांच्या पाठीत चार थापा मारल्या, आणि बघणाऱ्यांना त्या जरा जास्तच जोरात वाटल्या.

"मंग मुहूर्त कशाला बघता?" बद्रीनाथराव उठून धोतर खोचू लागले. "सोयरे आलेत, गोड तोंड झालंय. ह्योच मुहूर्त. कुदळ कुठंय?"

काकासाहेब दही आणायच्या निमित्तानं आवडाबाईला चार हात बाजूला घेऊन गेले. "वैनी, हे मी कवा म्हनलो?"

"आत्ता म्हना की."

ते हसले नाहीत. बांधाकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "तात्यांचा बांध हाय, वैनी. त्यांच्या हातचं दुसरं काय ऱ्हायलंय माझ्याकडं?"

आता आवडाबाईलाही थट्टा सुचेना. "माझ्या डोक्यावरल्या पाट्या हायत त्यात, भाऊजी. तात्यांनी चढवून दिलेल्या. मला का फोडू वाटतो व्हय? पर तात्यांनी त्यो घातला तवा पानी नव्हतं. आता हाय, अन् जास्तीचं हाय. ज्या वावरासाठी त्यांनी जीव टाकला ते वावर भट्टीत चाललंय. आख्खा नका फोडू. गाडीवाटंजवळ कुदळीएवढी वाट पाडा. नंतर सिमिटाचा पाईप घालू, वरून बांध होता तसाच राहील."

 काकासाहेबांनी फेटा काढून लक्ष्मीबाईकडं दिला, बांधाच्या मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि बद्रीनाथरावांच्या हातातली कुदळ मागून घेतली. पहिला घाव त्यांनीच घातला. मग फकिरानं, मग व्याह्यांनी. वाट पडली तसं चरातलं पाणी आधी पाझरलं, मग ढेकळं ढकलत निघालं, आणि गाडीवाटेच्या कडेनं खळाळत नाल्याकडं धावलं. बगळा उडून गेला. चतुराबाईंनी भरावावरूनच टाळ्या वाजवल्या.

आवडाबाई हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. पाणी निघून जाताना बघणं तिला सोपं नव्हतं. आशाला सासरी धाडताना गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती अशीच उभी राहिली होती. ती पाण्याच्या बाजूनं चार पावलं चालली आणि म्हणाली, "जा बाई. आली तशी पुन्हा ये, पर ऱ्हायला नको येऊ."

सोयरीक तिथंच पक्की झाली. बोरगव्हाणात त्यानंतर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काकासाहेबांनी आता मागं वळून न बघता इर्जिक घातलं. इर्जिक म्हणजे गावानं मिळून एकाच्या रानात दिवसभर राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. ज्यांनी मासे सोडल्याची बातमी पसरवली होती तेच लोक फावडी घेऊन सगळ्यात आधी हजर. नाल्यापासून बांधापर्यंत चर एका दिवसात खणून झाला. लक्ष्मीबाई आणि आवडाबाईनं येसर आमटी, भात आणि लापशी केली. माणसं इतकी जेवली की दुपारनंतर खणणं कमी आणि चराच्या काठाला लवंडणं जास्त झालं. पण तोवर काम उरकलं होतं.

पाडव्याच्या दिवशी भट्टीचा माणूस आला. फकिरा त्याला घेऊन वावरात गेला, मागं आवडाबाई.  रान अजून पुरतं सुधारलं नव्हतं, खार जागोजाग दिसत होती. फकिरा चपला काढून वावराच्या मधोमध चालत गेला. थांबला. एक पाय वर करून त्यानं तळवा बघितला. तळव्याला माती होती, पण चिखल नव्हता. हातानं झटकल्यावर ती पडली. तो परत आला, चपला घातल्या आणि भट्टीवाल्याला म्हणाला, "वाफसा आलाय. माती द्यायाची नाय." जमीन ना ओली ना कोरडी, पेरायला हवी तशी झाली की तिला वाफसा म्हणतात. तो शब्द कितीतरी दिवसांनी त्या वावरात उच्चारला गेला होता. फकिरानं त्या दिवशी पुढं एकही शब्द काढला नाही आणि आवडाबाईनं त्याची सगळी कसर भरून काढली.

चर खणणं एक आणि तो सांभाळणं दुसरं, हे मृगाच्या आधी सगळ्यांना कळलं. आवडाबाईला कसला दम निघतो! सगळ्यांच्या आधी तिनं आपल्या वरच्या अंगाचा चर लख्ख केला, गवत उपटलं, गाळ ढवळून मोकळा केला. दुसऱ्याच दिवशी वळीव आला आणि तिचा सगळा मोकळा गाळ वाहत जाऊन काकासाहेबांच्या न साफ केलेल्या चरात बसला. काकासाहेब मांडीभर चिखलात उभे राहून बांधापलीकडं ओरडले, "वैनी! पानी मागितलं हुतं, वावर न्हवतं मागितलं!" आवडाबाई पदर खोचून खाली उतरली आणि दिवसभर दिराच्या बरोबरीनं त्यांचा गाळ उपसत राहिली. तेव्हापासून गावाचा रिवाजच पडला: चर साफ करायचा तो खालून, नाल्याच्या तोंडापासून वर. पहिलं फावडं काकासाहेबांचं, आणि ते पडल्याशिवाय वरच्या कुणी हात लावायचा नाही. काकासाहेब हा मान असा मिरवायचे की चर त्यांच्याच डोक्यातून निघाला असं नव्या माणसाला वाटावं. आवडाबाई त्यांना वाटू द्यायची. इतर शेतकऱ्यांनीही आपापले चर आणून त्यालाच जोडले.

त्या वर्षी फकिरानं थोड्याच तुकड्यात, अगदी भीत भीत, गुळभेंडी पेरली. कंबरेएवढी झाली. छातीएवढी झाली. पौषात तिनं मान वाकवली, आणि आवडाबाईनं कन्नडला निरोप धाडला.

आशा आली, कडेवर लेकरू घेऊन. काकासाहेबांकडं नवी सून होती, तिच्या माहेरचे म्हणून बद्रीनाथराव आणि चतुराबाईही आलेले. सगळे वावराच्या मधोमध जमले, जिथं मागं लव्हाळा माजला होता नेमके तिथं. भरावावर आगटी करू, तिथं नक्की कोरडं आहे, असं लक्ष्मीबाई म्हणाली. आवडाबाई म्हणाली, "नाय. हितंच."

फकिरा कुदळ घेऊन वाकला.  वीतभर खड्डा झाला. आणखी वीतभर झाला. तो हात मागं घेऊन उभा राहिला आणि सगळे गोल करून खड्ड्यात वाकले, काकासाहेब सगळ्यांत पुढं. चतुराबाई अगदी हळूच म्हणाल्या, "आगटी, का इहीर?"

आवडाबाई गुडघ्यावर बसली. तिनं खड्ड्यात हात घातला, कोपरापर्यंत. तळाची माती मुठीत घेऊन वर आणली आणि मूठ उघडली. माती उबदार होती. बोटांनी दाबली तशी ती भुरभुरत तळहातावरून खाली पडली.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. ती आता काहीतरी बोलणार, काकासाहेबांना एक टोला हाणणार, चतुराबाईंना उत्तर देणार. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती नुसती मूठ पुढं करून बसून राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळून खड्ड्यात पडलं.

"आगटीत पानी आलं की वो!" काकासाहेब ओरडले आणि सगळे खो खो हसले.

फकिरा पानातला गूळ घेऊन आला. त्यानं एक खडा आवडाबाईच्या दुसऱ्या हातावर ठेवला. "आज दुसऱ्यांदा गप बसली," तो म्हणाला आणि गोवऱ्या रचायला वाकला.